कतरणीची गादी

लांब जायला निघालं की आधी बसायचं असतं. आमच्याकडे, म्हणजे रशियात, ही पद्धत आहे. घरातली सगळी माणसं सामानाजवळ मिनिटभर गप्प बसतात आणि मग एकदम उठून दाराबाहेर पडतात. सारातोव्हच्या आमच्या दोन खोल्यांत त्या सकाळी मी सुटकेसवर बसले होते आणि आई बुटांच्या कपाटावर. दोन हजार सालचा नोव्हेंबर होता, बाहेर व्होल्गा कडेकडेनं गोठायला लागली होती. आई पोस्टात कामाला, कायम घाईत. त्या दिवशी मात्र तिचं मिनिट काही संपेना. उठताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "स्पाइक्स हातातल्या पिशवीत ठेव, नीना. कपडे तिकडेही मिळतील."

स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे उडीचे बूट. मी उंच उडी मारायचे. शाळेतली नव्हे, रशियाच्या संघाकडून. बुडापेस्ट, स्टुटगार्ट, अथेन्स, एकदा थेट दोहा. छातीवर देशाचं नाव आणि बॅगेत आईनं बांधून दिलेलं काळ्या पावाचं सँडविच. एकदा कांस्यपदक मिळालं. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय कारकीर्द! कसली डोंबलाची कारकीर्द. आमच्या देशात तेव्हा उंच उडीवाल्या पोरी पैशाला पासरी होत्या. ऑलिम्पिकसारख्या मोठ्या स्पर्धेला एका देशातून तिघीच जातात आणि मी वर्षानुवर्षं चौथी. जगात माझ्यापुढे फार जणी नव्हत्या, पण त्यातल्या तिघी माझ्याच देशात राहायच्या, त्याला मी काय करणार?

संतोष तिहेरी उडीवाला. भारताच्या संघाबरोबर सरावाला सारातोव्हला आला होता. दोन-दोन स्वेटर चढवून उड्या मारायचा, नाक लाल व्हायचं, तरी हसायचा. लग्नाचं विचारताना म्हणाला, "आमच्याकडे तू एक नंबर. डोळे मिटून ऑलिम्पिकला जाशील." प्रेम होतंच. पण खोटं कशाला बोलू, त्या "एक नंबर"नं माझं डोकं फिरवलं. भारताची सून झाले की भारताकडून उडी मारता येईल, असं आम्हा दोघांनाही वाटलं. दोघंही खेळाडू, अक्कल सगळी पायात. कुणाला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

त्याचं घर चामटोलीला, बदलापूरच्या पलीकडे. माप ओलांडायच्या आधीच माझं कपाळ चौकटीवर आपटलं. सासूबाईंची साडी मला पोटऱ्यांपर्यंतच पोचायची आणि ते बघायला अख्खं गाव लोटलं. नाव तेवढं बदलावं लागलं नाही. नीना तिकडे चालायचं, इकडेही चाललं. मराठी मी सासूबाईंच्या चुलीशी शिकले आणि त्यातलं भांडण बदलापूरच्या भाजीवाल्यांकडून. त्यामुळे माझ्या बोलण्याला वळण कमी आणि हिसका जास्त आहे.

नागरिकत्वाचं खरं काय ते दोन महिन्यांत कळलं. लग्न केलं म्हणून कुणी लगेच भारताचं होत नाही. पाच वर्षं इथे राहायचं, मग अर्ज करायचा, तोपर्यंत भारताकडून उडी नाही. रशियाकडून मारायची तर परत जाऊन पुन्हा चौथी व्हायचं. संतोषचा चेहरा एवढासा झाला. मीच त्याला म्हटलं, पाच तर पाच. पंचविशीत पाच वर्षांचं काही वाटत नाही.

पण सराव कुठे करणार? उंच उडीत वर जायला जागा लागत नाही, पडायला लागते. दांडीवरून पाठमोरं जायचं आणि पाठीवरच पडायचं, कमरेइतक्या जाड फोमच्या गादीवर. तशी गादी आसपास कुठे नव्हती आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा उभे राहिले मामंजी, माझे सासरे. शेती करून ते उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात गठ्ठे बांधायला जायचे. तिथे जीन्स बेतून उरलेल्या चिंध्या, म्हणजे कतरण, ढिगानं पडायची आणि भट्टीत जाळायला जायची. मामंजींनी त्यांच्या सिंधी शेठला सांगितलं, सुनेला पडायला कतरण पाहिजे. शेठला काय कळलं देव जाणे. म्हणाला, "ले जा साईं, जितना चाहिए ले जा. बहू को चोट नहीं आनी चाहिए."

मग मामंजी रोज पोतं भरून आणायचे. भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात त्यांनी पोती एकावर एक रचली, वर ताडपत्री ताणली, दोन खुंटांवर बांबू आडवा ठेवला. मी धावले, उडाले, कतरणीवर पडले. मामंजी बांधावरून ओरडले, "बघा रं, पोर उलटी उडते माझी!" माझी म्हणाले. परक्या गावात मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं म्हटलं होतं आणि मी पोत्यांवर पडल्या पडल्याच रडून घेतलं.

निघायच्या आधी बसायची आमची पद्धत मी त्यांना सांगितली तर ती त्यांना फारच आवडली. कुणी अंबरनाथला शिवमंदिराच्या जत्रेला निघालं तरी हे सगळ्यांना खाली बसवणार. "बसा रं. नीनाचं बसनं झाल्याबिगर निघायचं नाय." सासूबाई वैतागायच्या, एसटी चुकायची, पण मामंजी कुणाचं ऐकतील तर शपथ. मी हे फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

मधेच कायदा बदलला. पाचाची सात झाली. कचेरीतल्या बाईंनी पंख्याखाली बसून हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी ऐकण्यातच चूक झाली असं वाटलं. त्यानंतर उल्हास नदीला पूर आला, बदलापुरात घराघरांत पाणी शिरलं आणि आमची पोती चिखलात बुडाली. मामंजींनी कितीतरी दिवस कतरण उन्हात पसरून वाळवली. कामावरून यायचे आणि काठीनं ठेचून ठेचून पुन्हा पोती भरायचे. हात कोपरापर्यंत निळे व्हायचे. "आता बग कशी भक्कम केली," म्हणाले. भक्कम झाली खरी. भिजून वाळलेलं जीन्सचं कापड दाबून भरलं की त्याचा दगड होतो. पहिल्या उडीला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते बांधावर उभे होते, त्या निळ्या हातांनी टाळ्या वाजवत. त्यांना काय सांगणार होते मी?

अर्जाच्या आधीचं सबंध वर्ष देशाबाहेर जायचं नाही असा नियम होता. नेमकी त्याच वर्षी आई आजारी पडली. मी म्हटलं, येते. ती फोनवर चिडली. "इतकी वर्षं काय गंमत म्हणून काढलीस? आधी ती उडी संपव आणि मग ये." तिचा आवाज खणखणीत होता, मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. वसंतात तिची शेजारीण फोनवर आली आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. मी गेले नाही. आईला तिकडे शेजाऱ्यांनीच माती दिली आणि मी इकडे चामटोलीत कतरणीच्या पोत्यांवर बसून होते. मामंजी शेजारी येऊन बसले. दुपारभर आम्ही दोघं तसेच बसलो, कुणाला कुठेही निघायचं नसताना. त्या दिवशी मी उडी मारली नाही. दुसऱ्या दिवशी मारली, कारण आता नाही मारली तर आई फुकट गेली असं वाटायला लागलं.

अर्ज दोन वर्षं कचेऱ्यांत फिरला आणि नागरिकत्वाचा कागद आला तेव्हा मी चौतिशीत होते. कलेक्टर कचेरीत शपथ घेतली, बाहेर येऊन पेढे वाटले, आणि थोड्याच दिवसांत पुण्याला निवड चाचणी होती. घरातून निघताना सगळे बसले. मामंजी नवा शर्ट घालून माझ्याबरोबर आले. त्यांनी मला खऱ्या मैदानावर कधी पाहिलंच नव्हतं.

सुरुवातीची उंची अशी होती की सारातोव्हला मी ती तोंड धुवायच्या आधी पार केली असती. धावले. पाय बरोबर पडला, वर गेले. आता दांडीवर पाठ मोकळी सोडायची, तिची कमान व्हायला हवी. आणि पाठ आवळली. आपोआप, मला न विचारता. कंबर खाली बसली आणि दांडी घेऊनच मी पडले. दुसऱ्यांदा तेच. एका उंचीला तीनच संधी मिळतात. खाली निळी, मऊ, जाड गादी आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण पाठीला कोण समजावणार? तिला चामटोलीची पोती माहीत होती. चार वर्षं दगडावर पडून ती पडायच्या आधीच स्वतःला सांभाळायला शिकली होती. तिसऱ्यांदा दांडी पोटावर घेऊन मी त्या मऊ गादीत रुतून पडले आणि उठावंसंच वाटेना.

सगळं आटोपल्यावर मामंजी प्रेक्षकांतून खाली आले. सरळ गादीपाशी गेले आणि दोन्ही तळहातांनी ती दाबून पाहिली. एकदा दाबली, पुन्हा दाबली. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते.

त्या वर्षी भात कापून झालं तेव्हा टेम्पो त्यांनीच बोलावला. पोती परत उल्हासनगरला, भट्टीत. शेवटची दोन चढवायची राहिली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला हात केला. "थांब रं जरा. बसनं हाय आमचं." त्या दोन पोत्यांवर आम्ही बसलो. ड्रायव्हर बिडी पेटवून आमच्याकडे येड्यासारखा बघत राहिला. मग मामंजींनी खाली बघत विचारलं, "माझीच गादी कडक झाली ना गो?"

"नाही मामंजी," मी म्हटलं. "वय झालं माझं."

त्यांनी मान हलवली आणि उठून पोतं खांद्यावर घेतलं. मामंजींना वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते: हो, गादीच. पण ती नसती तर पहिल्याच वर्षी माझी उडी संपली असती आणि मी वेळेवर आईकडे गेले असते. आता ह्यात कुणाचे उपकार मानायचे आणि कुणावर रागवायचं, मला अजून कळत नाही.

माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या बायका विचारतात, आता तुझं घर कुठलं? सारातोव्हला जायचं तर मला व्हिसा लागतो आणि तिथे दार उघडायला कुणी नाही. मग हेच घर असणार, चामटोलीचं. चौकटीखाली वाकायची सवय झाली आहे. स्पाइक्स माळ्यावर हातातल्या पिशवीतच आहेत. मामंजी अजून कुणी निघालं की सगळ्यांना खाली बसवतात. माझ्यासाठी बसायची वेळ पुन्हा आली नाही. मी कुठे निघालेच नाही.