दारामागचा सोलो

"पावणं, राग नका मानू," नामदेवकाका म्हणाले, "पन तिथं तुमी नुसतं बसून होता. पगार बसायचा देतात काय?"

कुंभिवलीला त्यांच्या ओटीवर मी पोह्यांची बशी धरून बसलो होतो. म्हणजे इथेही बसूनच. समोर त्यांची मुलगी रेश्मा. तिथल्याच एका कंपनीत लॅबमध्ये आहे. मला ती पहिल्या भेटीतच आवडली होती आणि काका आज होकार किंवा नकार देणार होते.

मी नेरळचा. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात ओबो आणि इंग्लिश हॉर्न वाजवतो. ओबो सनईच्या नात्यातला. इंग्लिश हॉर्न त्याचा थोरला भाऊ, लांब आणि भारी आवाजाचा. त्याला काम फार कमी. कार्यक्रमात एखादा सोलो, बाकी सगळा रेस्ट. रेस्ट म्हणजे गप्प बसून मनात ताल मोजायचा. यात मी तरबेज आहे.

स्थळ आलं तेव्हा मी ऐटीत कॉन्सर्टचे पास पाठवले. पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय. बापलेक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. पोचले तेव्हा माझा सोलो असलेला भाग सुरू झाला होता. तो संपेपर्यंत उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत. दार उघडलं तेव्हा मी काळ्या कोटात, वाद्य मांडीवर घेऊन, पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसा बसलो होतो. शेवटपर्यंत.

"एक इचारायचं हाय," काका म्हणाले. "आमी दाराभायेर उभं होतो तवा आत कोन सनई वाजवत होता? काळीज हललं हो. त्या पोराचं लगीन झालंय का?"

"काका, तो मीच होतो!"

"आता तुमी तसंच सांगनार."

रिहर्सलहून थेट आलो होतो, त्यामुळे वाद्य जवळ होतं. तिरीमिरीत पेटी उघडली, वाद्य जोडलं आणि फुंकर मारली. असा काही आवाज निघाला की ओटीखालची कोंबडी फडफडत पळाली. रीड कोरडी होती. रीड म्हणजे तोंडात धरायच्या बोरूच्या दोन पातळ पट्ट्या. भिजवल्याशिवाय त्या वाजत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

रेश्मा उठून आत गेली आणि वाटीत पाणी घेऊन आली.

"त्या दिवशी स्टेजवर तुमच्याजवळ पाण्याची डबी होती," ती म्हणाली. "सारखं काहीतरी बुडवत होतात."

म्हणजे कुणीतरी मला नीट बघितलं होतं. मला इतका आनंद झाला की रीड वाटीऐवजी पोह्यांत बुडवणार होतो.

रीड भिजली. मी तीच धून पुरी वाजवली. काका डोळे मिटून ऐकत राहिले.

"हीच ती," ते म्हणाले. "पन दारामागून त्यानं लय गोड वाजवलेली."

रेश्मा खळखळून हसली, मग काकाही. लग्न ठरलं.

यातून शिकलो ते एवढंच की रीड आधी भिजवावी. आणि आता सासरे नेरळला येऊन "वाजवा कायतरी" म्हणाले, की मी आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो.