पंधरा रुपयांतलं पेन

"पंधरा रुपयांत खायाचं, र्‍हायाचं, आनि वर दोन रुपयांचं पेन? मला नाय पटत, दादा. कुनीतरी दिलंय तिला."

आत्या कुडाच्या पलीकडे, ओटीवर बोलत होती. मी चुलीपाशी तांदूळ पाखडत होते. हात थांबला. सुपाचा आवाज बंद झाला तर तिला कळेल, म्हणून लगेच पुन्हा पाखडू लागले. वडील काय म्हणतात ते ऐकायचं होतं. तिकडून फक्त सुपारी कातरल्याचा आवाज आला.

तेव्हा मी मुंबईत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीत शहापूरला घरी आले होते. मामा कल्याणला रेल्वेत होते. त्यांच्याकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले होते. वडील भाताच्या गिरणीत कारकून. कॉलेजला पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती: महिन्याला पंधरा रुपये, वर एक पै नाही. पुरले नाहीत तर घरी यायचं. आता पुढच्या वर्षाची फी भरायची होती आणि वडील त्याविषयी अवाक्षर काढत नव्हते. मुरबाडची आत्या मात्र चार दिवसांपासून मुक्कामाला होती, उगीच आली नव्हती.

माझ्या ट्रंकेच्या कडीत मी सुतळीची गाठ मारून ठेवत असे, टोक डावीकडे. त्या सकाळी टोक उजवीकडे होतं. आत पेन जागच्या जागी होतं, पण टोपण जरा जास्तच घट्ट फिरवलेलं. शिवाय देवाच्या तसबिरीमागे एक पाकीट खोचलेलं होतं आणि त्यावरचं अक्षर आमच्या वसतिगृहाच्या बाईंचं होतं. ते मला कुणी दाखवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. घरातलं प्रत्येक माणूस मला काहीतरी लपवणारं वाटू लागलं होतं, आणि त्यांना मी.

दुपारी आत्यानं दोन पाट मांडले. एरवी वडील आधी जेवत, आम्ही बायका मागून. "बस गो, तू पन दादाबरोबर बस," ती म्हणाली. इतकी माया तिला एकदम कुठून आली, हे कळेना. पण भूक लागली होती. नव्या तांदळाचा भात, वरण, कैरीचं लोणचं. मी दुसऱ्यांदा भात घेतला. आत्या वाढता वाढता थांबली.

"आज वार कुठला गो?"

"सोमवार," मी म्हणाले, आणि बोलताबोलता माझं लक्ष माझ्याच ताटाकडे गेलं.

वडिलांनी डाव्या हातानं खिशातून ते पत्र काढलं आणि हळू वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की आपली मुलगी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी निष्ठेनं पाळते, कौतुक वाटतं. मात्र प्रकृतीस जपावं.

"तिथं उपास आनि हितं दोन दोन वाढी भात!" आत्या म्हणाली. "तुजा देव काय मुंबईतच र्‍हातो? मंग उपासाच्या नावानं ही जेवती कुठं, दादा? कुनाच्या घरी?"

सांगण्यासारखं होतं, पण सांगायचं कसं? आमच्या मेसमध्ये न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणत. आदल्या दिवशी पाटीवर खाडा लिहिला की महिनाअखेर त्या जेवणाचे पैसे वजा होत. पण मुली बाहेर खाऊन येतात असा मेसच्या स्वयंपाकी महाराजाला संशय, म्हणून तो खाडा दोनच कारणांना देई, गावाला जाणं किंवा उपास. गावाला जायला भाडं लागतं. उपासाला काही लागत नाही. मी आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग कॅलेंडरवरच्या तिथी शोधू लागले. घरून आणलेले शेंगदाणे आणि गूळ ट्रंकेत असे. खाड्याच्या पैशांतून जुनी पुस्तकं घेतली, वह्या घेतल्या, आणि परीक्षेआधी ते पेन, कारण दौतटाक घेऊन माझा पेपर पुरा होत नसे.

"हिशोबाची वही आन," वडील म्हणाले.

हात धुऊन मी वही आणली. त्यांनी पानं उलटली. त्यांचा सगळा जन्म मोडीत हिशोब लिहिण्यात गेलेला, बालबोधही चांगलं वाचत. माझी वही इंग्रजीत होती. सवयीनं लिहिली होती, पण त्या क्षणी ते मलाच खरं वाटेना.

"बघ, दादा," आत्या म्हणाली. "तुला वाचता येऊ नये म्हनूनच."

वडिलांनी वही मिटून पाटाशेजारी ठेवली. त्यांचा भात तसाच राहिला होता.

"पेन कुनी दिलं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

कुणीतरी दिलं असं त्यांना वाटलं तर कॉलेज संपलं. खरं सांगितलं तर त्यांच्याच अटीनं संपलं. आत्या भाताचं पातेलं हातात धरून वाट बघत होती.

"माझं मीच घेतलं," मी म्हणाले. "ते उपास देवाचे नव्हते, जेवण वाचवायचे होते. पंधरा रुपये पुरत नाहीत, बाबा."