मणेरणीचा खुबा

खुब्यात बसवलेल्या सांध्याभोवती पू झालाय, तो सांधा काढला नाही तर बाई जगणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमची मणेरीण तापाने फणफणलेली असताना नर्सचा हात दाबून बांगडीचं माप घेत होती. "सव्वादोन," मला म्हणाली, "पन ही बया अडीच घालून हिंडती." उभ्या नेवासा तालुक्यात हिच्यासारखी हट्टी बाई झाली नाही. मी स्वतः काही कमी हट्टी नाही, म्हणून माझा शब्द मानायला हरकत नसावी.

मी लग्न होऊन सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर आले, तेव्हापासून ती आम्हाला बांगड्या भरते. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. तिला माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, हात लक्षात राहतो. माझी लेक सुरतेहून कैक वर्षांनी आली, ओट्यावर बसली होती, तर ही तिच्याकडे न बघता पुढे गेली. मग लेकीने हात पुढे केला. मनगट दाबल्याबरोबर म्हणाली, "ही तर तुमची धाकटी. चिंचंवरून पडली हुती, हाड तिरकं बसलंय." घरातली माणसं ते हाड विसरून गेली होती.

तिचा एक नेम होता. हातातल्या सगळ्या जुन्या बांगड्या ती एकदम काढायची नाही. एक ठेवायची, नव्या भरायची, मगच ती शेवटची काढायची. हात घटकाभरसुद्धा रिकामा राहता कामा नये. माझा नवरा गेला तेव्हा जावांनी माझे दोन्ही हात मोकळे केले. महिन्याने ही आली. कुणाला विचारलं नाही, माझ्या हातांत दोन-दोन तपकिरी बांगड्या सरकवल्या. थोरली जाऊ तिच्या अंगावर धावून गेली. ही म्हणाली, "भांडी घासताना वाजल्या न्हाईत तर घरात मानूस हाय का न्हाई, कसं कळावं?" जाऊ आत निघून गेली. तपकिरी बांगड्या माझ्या हातात आजही आहेत, फुटल्या की ती नव्या भरते.

जन्मभर उकिडवं बसून तिचा खुबा झिजला. मुलाने नगरला नेऊन बदलून घेतला. डॉक्टरांनी बजावलं, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही. काही महिने तिने ऐकलं, म्हणजे खुर्चीत बसून डॉक्टरांना शिव्या दिल्या. खुर्चीवरून बांगड्या भरायला मी काय कलेक्टरीन हाय का, असं येईल त्याला विचारायची.

मग माझ्या नातीचं लग्न ठरलं. लेकीचा चुडा हिनेच भरला होता, नातीचाही आपणच भरणार हे तिने नात पाळण्यात असतानाच सांगून ठेवलं होतं. नेमकं तेव्हाच तिच्या ऑपरेशनच्या वणातून पाणी यायला लागलं. पंधरा दिवस तिने ब्र काढला नाही, कारण सुनेला कळलं असतं तर तिने घराबाहेर सोडलं नसतं. बांगड्या फुटू नयेत म्हणून खोक्यात कापूस असतो, तो काढून ती वणावर दाबायची आणि वरून अत्तर लावायची. चुड्याच्या दिवशी मांडवात आली तर असा घमघमाट, की मीच म्हणाले, "मणेरीण, लग्न तुझं का नातीचं?" सगळ्या हसल्या. तीही हसली आणि सरळ जमिनीवर बसली.

हिरवा चुडा भरला, एक बांगडी तडकली नाही. मग तिला उठता येईना. मी काखेत हात घातला, तर अंग चुलीसारखं तापलेलं, साडी मांडीजवळ ओली. अत्तराखालून दुसरा वास आला. खांदा नासलेल्या बैलाजवळ येतो तो वास. नातीवर दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हा मी नगरच्या दवाखान्यात होते. घरचे अजून बोलून दाखवतात. बोलू देत.

डॉक्टरांनी तीनदा समजावलं. नुसतं धुऊन भागणार नाही, सांधा काढून आतलं सगळं साफ करावं लागेल, नवा नंतर बसवू. हिने एकच धरलं, काढायचा नाही. "एकदा बशिवलेलं काडत्याल आन् मला रिकामी लोळवत ठेवत्याल. त्यापरीस सोनईला न्या, घरी मरते." मुलगा सहीचा कागद घेऊन दारात रडत उभा. मी डॉक्टरांना विचारलं, जुना काढला आणि नवा बसवला, मधल्या दिवसांत तिथे काय असतं? ते म्हणाले, औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा. पू थांबला, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, की पक्का.

मी समजूत घालणारी बाई नाही. तिच्या खाटेशी गेले, उजव्या हातातली एक बांगडी काढली आणि हात तिच्यापुढे धरला.

"रिकामा हाय का?"

तिने दुसरी बांगडी चाचपली. "न्हाई."

"डॉक्टर तेच करतोय. जुना काडंल, आत औषधाचा कच्चा ठेवंल, मग पक्का भरंल. रिकामी ठेवत न्हाई तुला."

तिने माझं मनगट धरून ठेवलं. मग डॉक्टरांना विचारलं, कच्चा किती दिवस? ते म्हणाले, दीड-दोन महिने. "तंवर टिकंल ना?" टिकेल म्हणाले. तिने अंगठा उठवला आणि बजावलं, "नवा मापाचा घाला. ढिला नगं."

सलाईनमधून औषध आठवडेच्या आठवडे चाललं. शीर सापडली नाही की नर्सबाईंना तीच बोट लावून दाखवायची. घरी वॉकर धरून चालताना कच्च्या सांध्याची तक्रार केली नाही, वॉकरची मात्र रोज केली. मग दुसरं ऑपरेशन झालं, पक्का बसला.

आता ती जरा लंगडते आणि गावोगाव फिरत नाही. पोरी दुकानातून घेतात. मी बाजारच्या दिवशी सोनईला जाते. इतकी वर्षं मी ओट्यावर बसायचे आणि ती खाली. आता ती खुर्चीत असते आणि मी तिच्या पायाशी बसून हात वर करते. ती मनगट दाबून म्हणते, "वैनी, नुसतं हाडूक राह्यलंय." मग लहान मापाची शोधायला लागते. आमच्या वस्तीवर तिच्यापुढे हात करणाऱ्या आम्ही सहा सुना होतो. त्यांतल्या पाच गेल्या. मी आहे, आणि मणेरीण त्या दुखण्यातून वाचली.