भाऊजींची विहिरीतली फिल्म

आमच्या थोरल्या भाऊजींइतका फिल्मला जीव लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही. ताईचा हातही त्यांनी कधी इतक्या हळुवारपणे धरला नसेल, असं निदान ताईचं मत होतं. लढाईत ते फौजेच्या फोटोखात्यात होते. येताना पदक आणलं नाही, रंगीत फिल्मचा डबा आणला. आपल्या नजरेला न दिसणारा उजेड त्या फिल्मला दिसे. जितं पान तिच्यावर लालभडक उमटे, आणि तोडलेल्या फांद्या फिकट पडून त्यांच्याआड दडलेला शत्रू सापडे. वऱ्हाडातल्याच मालेगावजवळच्या त्यांच्या खेड्यात शत्रू नव्हता, ऊन मात्र रगड. आणि उन्हाळ्यात फिल्म नासते. म्हणून डबा मेणानं बंद करून, दोरानं विहिरीत सोडलेला असे. "हळू शेंदा बाई, तिले धक्का लागन!" भाऊजी ओट्यावरून ओरडत, आणि पाण्याला आलेल्या बाया कपाळावर हात मारत.

शेवटचा तुकडा उरला तेव्हाच ताईच्या दारातलं संत्र्याचं झाड सुकायला लागलं. माहेरून आणलेलं कलम ते. तिचे सासरे, आबा, कुऱ्हाडीला धार लावून बसले. भाऊजी म्हणाले, "फोटो काढतो, आबा. लाल आलं तं जितं हाये. मंग हात नाही लावाचा." आबांनी रविवारपर्यंत मुदत दिली.

फोटो काढून झाला. धान्याच्या कोठीच्या दाराला गोधड्या ठोकल्या, फिल्म धुवायची औषधं ओल्या पोत्यांनी गार केली आणि भाऊजी मिट्ट अंधारात शिरले. दाराशी पहारा माझा. आत काहीतरी धाडकन पडलं. मी कारंज्याच्या एका फोटोवाल्याकडं दोनदा बसलेलो, म्हणजे तज्ज्ञच! फोटोला लाल उजेड चालतो, हे मला ठाऊक. कंदिलाला लाल कागद गुंडाळून मी आत घुसलो. "भाऊजी, घाबरू नका, लाल कंदील आनला!"

"साळेबुवा," भाऊजी अगदी हळू म्हणाले, "हिले लालबी दिसते ना!"

फिल्म कावीळ झाल्यासारखी पिवळी निघाली. झाड जितं की मेलं, काही कळेना.

रविवारी आबा कुऱ्हाड घेऊन आले. ताई झाडाला टेकून उभी. फिल्मबद्दल जन्मात खोटं न बोललेल्या माणसानं पट्टी आभाळाकडं धरली. "लाल. झकास लाल."

"मले तं पिवळं दिसते बे."

"तुमाले कसं दिसन? तुमी फौजेत होते का?"

आबांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

झाड जगलं. भाऊजींनी मला एका शब्दानंही टोचलं नाही. फक्त पुढं कधी माझ्या हाती कंदील दिला नाही. ते गेल्यावर पट्टी माझ्याकडं आली. दरसाल ताई संत्री घेऊन येते, सोलता सोलता विचारते, "पाह्य बरं, कसं दिसते?"

मी पट्टी खिडकीशी धरतो. अजून तशीच पिवळी.

"लाल," मी म्हणतो. "झकास लाल."