मुलांनी मैदानावर जावं

आज आमच्या शाळेत डॉक्टरीणबाई आल्या होत्या, वयात येण्याबद्दल बोलायला. दरवर्षीप्रमाणे नववीच्या मुलींना सभागृहात बसवलं आणि मुलांना फुटबॉल देऊन मैदानावर पिटाळलं. एवढ्या उकाड्यात शिपाईमामांनी खिडक्यासुद्धा लावून घेतल्या.

"मुलांनाही बसू द्या ना," मी मुख्याध्यापिकांना म्हटलं.

"त्यांना काय करायचंय ते ऐकून, बाई?"

जणू वयात फक्त मुलीच येतात. मुलांचे फुटलेले आवाज तर रोज हजेरी घेताना ऐकतो आपण. त्यांना पडणारे प्रश्न मात्र कोणी ऐकायचे?

चिडूनच व्हरांड्यात आले. फुटबॉल भर उन्हात एकटाच पडला होता. पलीकडे लिंबाखाली सगळी मुलं एका मोबाईलवर डोकी जोडून काहीतरी पाहत बसली होती.

इतका शांत वर्ग मला आजवर कधी मिळालेला नाही.