संतांना सुट्टी लागत नाही

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे कायम, सगळे ज्यांना काका-काकू म्हणत, त्यांच्या बेसमेंटमध्ये व्हायचं. आमच्याकडे म्हणजे मिशिगनमध्ये, ट्रॉयला लागून असलेल्या एका उपनगरात. मोटारींच्या कंपन्यांत नोकरी करणारी दहाबारा मराठी घरं, काही पुण्याची, काही मुंबईची, आणि आम्ही नागपूरचे. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत काठापदराच्या साड्यांवर स्वेटर चढवलेल्या बायका. गूळ मिळाला नाही तर ब्राउन शुगरचा तिळगूळ. संक्रांत मधल्या वारी आली तरी साजरी शनिवारीच व्हायची. देवांनीही वीकएंडशी जमवून घेतलं होतं.

आम्ही बौद्ध. हे त्या घरांतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. मराठी माणसाला आडनाव सांगितलं की पुढचं फारसं सांगावं लागत नाही, आणि शंका उरलीच तर 'मूळ गाव कुठलं' यात ती फिटते. पहिल्याच भेटीत काकांनी दोन्ही विचारून घेतलं आणि मग मोठ्या मनानं म्हणाले, "इथे अमेरिकेत आपण जातबीत काही मानत नाही हं." मी विचारलं नव्हतं. काकू मात्र खरोखरच चांगल्या होत्या. माझी मुलगी झाली तेव्हा माझं इथे कोणी नव्हतं. काकूंनी डिंकाचे लाडू आणले, बाळाला न्हाऊमाखू घातलं. मी कुंकू लावत नाही हे पहिल्या वर्षी पाहिल्यावर दर हळदीकुंकवाला माझ्यापाशी आल्या की करंडा बाजूला ठेवून नुसता तिळगूळ हातावर ठेवायच्या. एवढ्यासाठी मी जात असे.

काका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांना कोणी नेमलं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर होते, घर मोठं होतं आणि आवाज त्याहून मोठा होता, तेवढं पुरेसं असावं.

ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी आमच्या गावच्या शाळांपुढे एक प्रश्न आला होता. नागरी हक्कांसाठी लढता लढता गोळी खाऊन मेलेल्या त्या काळ्या पाद्र्याच्या जन्मदिवसाची सुट्टी वॉशिंग्टनमध्ये मंजूर झाली होती, पण शाळांनी ती पाळायची की नाही हे ज्या त्या गावानं ठरवायचं होतं. आमचं गाव जवळजवळ सगळं गोरं. शाळा बोर्डानं जाहीर सभा ठेवली आणि वेगवेगळ्या समाजांनी मत मांडावं म्हणून निरोप पाठवले. इंडियन कम्युनिटी म्हणून काकांना निरोप आला. त्या निरोपानं काका एवढे फुगले होते की जेवणाची ताटं वाढून होताच त्यांनी विषय काढला.

"आपण अपोज करायचं," काका म्हणाले. "पोलाइटली."

"करेक्ट," मुंबईचे एक इंजिनियर म्हणाले. "या लोकांना आधीच काम नको असतं यार. त्यात अजून एक सुट्टी."

"अहो, मुलांचा एक शाळेचा दिवस वाया जातो," कोणी बाई म्हणाल्या. "मॅथ आधीच किती स्लो आहे इथलं!"

"आणि मग बघा, डाउनटाउनमध्ये मिरवणुका, ढोल, लाउडस्पीकर. आपल्याकडे एप्रिलमध्ये असतं ना, तसं," इंजिनियर हसत म्हणाले आणि हसता हसता माझ्याकडे लक्ष जाऊन त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

एप्रिलमध्ये कोणाची जयंती असते ते मराठी वाचकाला सांगायला नको. मी त्या मिरवणुकीत वाढले. त्या दिवशी माझी आई पांढरं लुगडं नेसायची आणि वस्तीत कोणी उपाशी राहत नसे. मी ताटातल्या गुळपोळीकडे बघत बसले.

काकांनी भाषण लिहून तयार ठेवलं होतं. ते त्यांनी उभं राहून वाचलं. इंग्रजीत होतं, पण आतला माल अस्सल आपल्याकडचा. हा थोर पुरुष केवळ पुढारी नव्हता, तो संत होता. आमच्या प्राचीन संस्कृतीत संतांच्या नावानं कोणी सुट्टी घेत नाही. त्या दिवशी अधिक काम करून त्यांना वंदन करतात. संतांना सुट्टी लागत नाही. म्हणून शाळा चालू ठेवावी, फोटोला हार घालावा, एक प्रार्थना म्हणावी. आणि शेवटी एक ओळ: बोर्डाला नवी सुट्टी द्यायचीच असेल तर दिवाळीचा विचार व्हावा.

टाळ्या पडल्या. गणपती बसायच्या दिवशी पाठदुखीचं निमित्त सांगून दरवर्षी ऑफिस बुडवणारा माणूस 'आमच्या संस्कृतीत सुट्टी घेत नाहीत' असं छातीठोकपणे म्हणत होता, आणि त्याच दिवशी त्याच्याच घरी मोदक वळायला रजा टाकून येणाऱ्या बायका माना डोलवत होत्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

हे भाषण मी आधी ऐकलेलं होतं. नागपूरला आमच्या शाळेत एक गुरुजी होते. आमच्या जयंतीच्या आदल्या दिवशी कोणी पोरानं उद्या येऊ नको का विचारलं की ते म्हणायचे, "थोर माणसाला कामानं अभिवादन करावं, सुट्टीनं नव्हे." बाकी साऱ्या थोरांच्या दिवशी गुरुजी घरी झोपलेले असायचे. माणसाला संत म्हटलं की फार सोय होते. संताला हार घालता येतो, आणि हार घातला की तो काय म्हणत होता ते ऐकायची जबाबदारी संपते.

तरीही मी गप्प बसले असते. लोकांचं मत ते लोकांचं मत. पण काका माझ्या मुलीकडे वळले. ती तेव्हा चौथीत होती, काकांची नात तिच्याच वर्गात.

"हे आपली ही वाचेल," काका म्हणाले. "इंग्लिश फर्स्ट क्लास आहे हिचं."

माझी मुलगी एकदम खुलली. माइक म्हटलं की ती जेवण सोडून उठायची.

"तुमची नात का नाही वाचत, काका?" मी विचारलं.

"अगं, ती गोरी पडते. तिनं वाचलं तर म्हणतील की व्हाइट लोकांनी पढवून पाठवलं. हिचा रंग बघ. हिच्या तोंडून आलं की कोणी रेशियल म्हणू शकणार नाही." मग आवाज थोडा खाली आणून, अगदी प्रेमानं, "आणि कसं आहे, तुम्हा लोकांकडून आलं ना, की त्याला वजन येतं."

तुम्हा लोकांकडून.

इतकी वर्षं जे कोणी मानत नव्हतं ते असं जेवणाच्या टेबलावर, पापड आणि लोणच्याच्या मध्ये येऊन पडलं. कोणाच्या भुवईचा केस हलला नाही. म्हणजे सगळ्यांनी ते आधीपासून हाताशी ठेवलेलं होतं, कामाला येईल तेव्हा काढायला. आज काम निघालं होतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात हे ऐकून होते. यांना माझ्या नऊ वर्षांच्या पोरीचा खांदा हवा होता, आणि तोही काळा आहे म्हणून. मला शिसारी आली.

"ती वाचणार नाही," मी म्हटलं. "आणि तो माणूस संत नव्हता, काका. त्याला तुरुंगात टाकत होते. संत तुम्ही त्याला आज केलात, सुट्टी द्यावी लागू नये म्हणून."

माझा नवरा ताटातली भाजी निवडून खात होता. तो भला माणूस आहे, पण भांडणात त्याला नेहमी भाजी निवडायची असते. काकू उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता त्या नवऱ्याला काही बोलतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, आज सणाचं गोड बोलावं," त्या मला म्हणाल्या. मला! काकांना नाही.

काकांचा मला राग आला होता. काकूंचं मला वाईट वाटलं, आणि ते जास्त लागलं. लाडू त्यांनी खऱ्या मायेनं आणले होते, हे मी आजही म्हणते. पण त्या मायेलाही एक हद्द होती आणि ती मला तेव्हा दिसली.

गाडीत मुलगी रडत होती. "व्हाय कान्ट आय? काका सेड ही वॉज अ सेंट. दॅट्स अ गुड थिंग!"

"चांगलंच आहे," मी म्हटलं. "पण तुला कोणी रोज ढकलत असलं आणि तू ओरडलीस, की मला ढकलू नका, आणि ते म्हणाले, किती गुणी मुलगी, हिचा फोटो लावू या, तर?"

"बट विल दे स्टॉप पुशिंग?"

"नाही ना. तेच तर."

"दॅट्स डम्ब," ती म्हणाली. आणि मग, नऊ वर्षांची होती म्हणून, "सो हू गेट्स द माइक?"

सभेत माइक काकांच्या नातीला मिळाला. परकर-पोलकं, गजरा, दोन वेण्या. तिनं गोड आवाजात वाचलं आणि बोर्डाची माणसं विरघळली. बोलणाऱ्यांत मीही माझं नाव दिलं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमधून तशीच आले होते, अंगावर पांढरा कोट. मी म्हटलं, मीही इंडियन आहे आणि आत्ता जे वाचलं ते माझं मत नाही. आमच्याकडेही असा एक माणूस होऊन गेला; त्यानं आम्हाला माणसं म्हणून उभं केलं, आणि त्याच्याही दिवशी आम्हाला असंच कामाला लावायचे. माझं व्याकरण घसरत होतं. बोर्डाच्या एका बाईंनी हसून घड्याळाकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना मी सुट्टी मागते आहे की नको म्हणते आहे, तेसुद्धा नीट कळलं नाही.

सभेत एक काळं जोडपं होतं, मागच्या रांगेत, आपल्या मुलाला घेऊन आलेलं. जागेवर परतताना मी त्यांच्याकडे पाहिलं. पुरुषानं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि दोघांकडेही सारखंच. त्याच्या लेखी आम्ही सगळे एकाच गाडीतून आलो होतो. त्याची काही चूक नव्हती. त्या नजरेनं मला काकांच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि त्या रात्रीच्या साऱ्या घाणीतली तीच मला सर्वांत असह्य झाली.

बोर्डानं सुट्टी नाकारली. शाळेत खास अभिवादन-सभा होईल असं ठरलं. अध्यक्षांनी 'आमच्या भारतीय मित्रांच्या सुंदर विचारांबद्दल' आभार मानले. काकांनी मागे वळून हात हलवला, जणू लग्नात आहेर स्वीकारत होते.

त्यानंतर आम्हाला कोणी वाळीत टाकलं नाही. अमेरिकेत वाळीत टाकत नाहीत. फोन करायला विसरतात. गणपतीच्या नाचाच्या प्रॅक्टिसला मुलीला बोलवायचं राहून गेलं. काकूंचा एकदा फोन आला, "मनावर घेऊ नकोस गं," म्हणाल्या. मी काय मनावर घेऊ नये ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या जानेवारीत, त्या पाद्र्याच्या जन्मदिवसासाठी ठरलेल्या सोमवारी, मी हॉस्पिटलातून रजा घेतली आणि मुलीला उठवलंच नाही. सकाळी शाळेच्या ऑफिसात फोन केला. सेक्रेटरी बाई भल्या होत्या.

"बरं नाही का तिला?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. आज आम्ही सुट्टी पाळतो."

त्यांनी आवाज मऊ केला. त्यांना खरंच मदत करायची होती. "हनी, तुमच्या धर्मात आहे का हे? दिवाळीला तुमच्यातली मुलं घरी राहतात ना, तसं? रिलिजस हॉलिडे म्हणाल तर मला एक्स्क्यूज्ड लिहिता येईल."

एक शब्द म्हणायचा होता. हो. तो संत आहे आमचा, एवढं म्हटलं की झालं. सगळं सुरळीत, कोणाला त्रास नाही.

"नाही," मी म्हटलं. "धर्माचं काही नाही. तो संत नव्हता."

"मग अनएक्स्क्यूज्ड, विनापरवानगी गैरहजर, असं लिहावं लागेल मला."

"लिहा."

फोन ठेवला तर मुलगी जिन्यावर उभी, केस पिंजारलेले, पायांत मोजे.

"आई," ती चक्क मराठीत म्हणाली, "सुट्टी मिळाली?"

"मिळाली नाही," मी म्हटलं. "घेतली."