लातुरात वेबसाइट पाठ करताना

नांदेडच्या मोंढा बाजारात हळदीची आडत असलेल्या शेठनी माझ्या मित्राला, सलीमभाईंना, तोंडावर सांगितलं, "गावातल्या माणसाला घरबसल्या मोबाइलवर हळदीचा भाव दिसला पाहिजे. पोळ्यापर्यंत करून द्या, न्हाईतर काम पुण्याच्या पोरांना." सलीमभाई आणि मी आडत दुकानांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहीत म्हातारे व्हायला आलो. वेबसाइट मात्र दोघांनाही येत नव्हती, आणि हे शेठ गेले असते तर सलीमभाईंच्या दुकानाचं शटर खाली आलं असतं. म्हणून लातूरच्या निवासी वेब शिबिरात आम्ही नावं घातली.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा रस्ता. अर्धा दिवस गेला समजा, आणि मागच्या बाकावर चुकूनही बसू नका. अहमदपूरला स्टँडबाहेर भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला झकास मिळते. लातुरात लॉज शोधत फिरू नका. क्लासच्या गल्ल्यांमध्ये कॉट बेसिसवर स्वस्तात खोली मिळते आणि मेसचा एक डबा दोघांना पुरतो. पाणी जपून वापरा, टँकर रोज येत नाही.

शिबिर घेणारे सर मूळचे मेडिकल प्रवेशाच्या क्लासचे. दारातच त्यांनी हात पुढे केला. "लॅपटॉप, मोबाइल जमा करा."

"अहो, वेबसाइट शिकायला आलोय आम्ही!"

"म्हणून तर, काका. समोर लॅपटॉप असला की अभ्यासातून लक्ष उडतं."

पहिला दिवस वेबसाइटचा कोड घोकण्यात गेला. सर ओरडत, "टेबल उघडा!" हॉलभर बसलेले दाढीमिशावाले प्रोग्रॅमर ओरडत, "टेबल उघडलं!" मग ओळ उघडायची, रकाना उघडायचा, उलट्या क्रमाने सगळं बंद करायचं. भिंतीपलीकडे मेडिकलची पोरं बेडकाचं हृदय पाठ करत होती. दुपारनंतर आमच्या टेबलात तीन कप्पे आणि एक झडप शिरली.

दुसऱ्या दिवशी लेखी परीक्षा. वरचे वीस जण शेवटच्या दिवशी लॅपटॉपवर बसणार, बाकीच्यांनी मागे उभं राहून बघायचं. सलीमभाईंचा नंबर शेवटचा आला.

"सर, म्या लिवलंय ते चालतंय की!"

"चालेल हो. पण नोट्समध्ये मथळा लाल हाय, तुम्ही पिवळा केला."

"हळदीचं दुकान हाय, सर."

"परीक्षेत हळद विचारली न्हाई."

मग मी उठलो. ज्या देशात चालणाऱ्या उत्तराला शून्य आणि पाठ केलेल्या उत्तराला पैकीच्या पैकी मिळतात, तो देश कारकून घडवेल, कारागीर घडवणार नाही! माणसाची बुद्धी ही झेरॉक्सचं यंत्र नव्हे! असं बरंच बोललो. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सरांचे डोळे पाणावले. म्हणाले, "काका, एक नंबर! जरा सावकाश परत सांगता का? पोरांना उतरवून घेऊ द्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलभर एका सुरात गर्जना झाली, "माणसाची बुद्धी ही झेरॉक्सचं यंत्र नव्हे!" दुपारी त्यावर चाचणी. एक वाक्य गाळल्यामुळे मला माझ्याच भाषणात दहापैकी सहा मिळाले. पैकीच्या पैकी मिळवणारा उदगीरचा मुलगा माझी समजूत काढायला आला.

शेवटच्या दिवशी वरच्या वीस जणांसाठी लॅपटॉपचं कपाट उघडलं, आणि तेवढ्यात जमीन घरघरली. बाकं थरथरली. सर खडू हातात घेऊनच ओरडले, "बाहेर! मैदानात!" अख्खी इमारत रिकामी झाली. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. बेडूकवाली पोरं, मेसवाल्या मावशी, सगळे सवयीने भिंतींपासून लांब जाऊन उभे राहिले. मी पाहिलं तर सलीमभाई नाहीत. धावत आत गेलो. ते कपाटाशेजारी जमिनीवर बसून लॅपटॉप बडवत होते.

"मरायचंय का?"

"भाऊ, मागच्या प्लॉटात बोअर मारून राहिलेत. खिडकीतून दिसली मला गाडी. आता सगळे बाहेर हायत, तवर हळदीचं पान करून घेतो. तुम्ही बोलू नका फकस्त."

बाहेर येऊन मी सरांना बोअरचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पाय हलले नाहीत. "भूकंपाच्या पहाटे मी किल्लारीत मामाकडं होतो," ते म्हणाले. "बोअर असू दे न्हाईतर काय बी. चहा होईपर्यंत आत जायचं न्हाई." मी टपरीवरून दोन चहा आणले. बशीतला चहा निवेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो.

नांदेडला परतल्यावर तडक मोंढ्यात गेलो. शेठनी पान उघडून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लातुरात नंबर कितवा आला?"

"शेवटचा," सलीमभाई म्हणाले.

शेठनी संशयाने वसमतकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला लिंक पाठवून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "दिसतोय का रे भाव?"

"दिसतोय की, शेठ! लई भारी. हळद भरून निघालोच होतो, आता थांबतो. वाढला की आणतो."

शेठनी फोन ठेवला. मग ते सलीमभाईंकडे वळले.

"तुला लातूरला जाऊ द्यायलाच नको होतं."

"बंद करू का, शेठ?"

"आता कसं बंद करतो? शेठ भाव लपवतो म्हणून गावभर होईल." त्यांनी पोऱ्याला तीन चहा सांगितले. "चालू ठेव. आणि रोज सकाळी तूच येऊन भाव लावायचा. ह्या पापात मी एकटा न्हाई पडणार."